एक मीटर ऐंशी

पॅरिसच्या खोलीत पहिल्या आठवड्यात मी चार वेळा डोकं आपटलं. चारही वेळा एकाच जागी, पलंगावरून उठताना, कपाळाच्या डाव्या बाजूला. त्यानंतर अंग आपोआप शिकलं. आधी पाय खाली टाकायचे, मग कमरेतून वाकून दोन पावलं पुढे यायचं, आणि मग ताठ व्हायचं. अजूनही कुणाकडे मुक्कामाला गेले की सकाळची पहिली दोन पावलं मी वाकून टाकते. नवरा म्हणतो, तुझा पोक आयात केलेला आहे.

ही २०१६ ची गोष्ट. वास्तुकलेची पदवी घेऊन मी नगररचना शिकायला तिकडे गेले होते आणि खिशाला परवडेल अशी एकच जागा मिळाली होती, छपराच्या पोटातली. फ्रेंचमध्ये तिला 'शांब्र द बॉन' म्हणतात. मोलकरणीची खोली. नाव आजही तेच आहे. भाड्याच्या जाहिरातीतही बिनदिक्कत छापतात.

इमारतीला दोन जिने होते. पुढचा रुंद, लाल गालिच्याचा, पायरीपायरीवर पितळी दांडीने दाबलेला, आणि त्याच्या मधोमध मागाहून बसवलेली पिंजऱ्याएवढी लिफ्ट. मागचा जिना अंगणातून निघणारा, लाकडी, इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला चिकटायचं. लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबायची. मी सहाव्यावर. माझ्यापर्यंत फक्त मागचा जिना पोचायचा, ११८ पायऱ्यांचा. संडास बोळाच्या टोकाला, पाच खोल्यांत मिळून एक, आणि तोही उकिडवं बसायचा. फ्रेंच लोक त्याला 'तुर्की' म्हणतात. पहिल्या दिवशी ते दार उघडलं आणि परक्या मुलखात ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. शेजारच्या खोलीतल्या अमेरिकन पोराचं मात्र तोंड बघण्यासारखं झालं होतं.

घरमालकीणबाई त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे. मला 'मादमुआझेल' म्हणायच्या, म्हणजे 'कुमारी'. सरकारी कागदांतून हा शब्द २०१२ साली काढून टाकला होता, कारण पुरुषाला लग्न झालंय का असं संबोधनातून कुणी विचारत नाही, मग बाईला का विचारायचं? बाईंनी ते परिपत्रक मनावर घेतलं नव्हतं.

करारात खोलीचं क्षेत्रफळ ९ चौरस मीटर लिहिलेलं होतं.

हा आकडा माझ्या डोक्यात कधी शिरलाच नसता. आपण घरं अजून फुटांत मोजतो. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा असला तरी कुणी 'साठ चौरस मीटरचा फ्लॅट घेतला' म्हटलं की आपण मनात दहाने गुणून वर थोडं टाकतो. मीही तेच केलं होतं. पण माझी एक वर्गमैत्रीण होती, ट्यूनिसची, आधी कायदा शिकून मग आमच्याकडे आलेली. ती एकदा रात्री राहायला आली, सकाळी तिनेही डोकं आपटलं, आणि कपाळ चोळत म्हणाली, "ही जागा नऊ मीटर? मला नाही वाटत. टेप आहे का तुझ्याकडे?"

वास्तुविशारदाकडे टेप नसणार का?

आम्ही मोजायला बसलो. लांबी ४ मीटर, दारापासून खिडकीच्या भिंतीपर्यंत २ मीटर ८० सेंटिमीटर. म्हणजे जमीन ११.२ चौरस मीटर, आपले साधारण एकशेवीस चौरस फूट. मी म्हटलं, बघ, नऊपेक्षा जास्तच आहे. ती हसली. "असं नाही मोजायचं." फ्रान्समध्ये डोक्यावर एक मीटर ऐंशीपेक्षा कमी उंची असेल, तर त्याखालची जमीन जमीन धरत नाहीत. फ्लॅट विकताना क्षेत्रफळ असंच सांगावं लागतं, १९९६ चा कायदा आहे, ज्या खासदाराने मांडला त्याच्या नावावरून त्याला कारे कायदा म्हणतात. भाड्याच्या घरातही तीच एक मीटर ऐंशीची रेघ.

माझ्या खोलीचं छत दारापासून दीड मीटर सपाट होतं, अडीच मीटर उंचीवर. तिथून ते खिडकीच्या बाजूला उतरत जायचं, थेट कमरेपर्यंत. एक मीटर ऐंशीची उंची नेमकी कुठे लागते ते शोधायला मैत्रिणीने भिंतीला टेप लावून धरला आणि मी पेन्सिलीने जमिनीवर खूण केली. दारापासून २ मीटर १० सेंटिमीटर. मग खूण जोडत जोडत खोलीभर रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे टेबल, खुर्ची, बेसिन, शेगडी. पलीकडे पलंग, अख्खा.

"म्हणजे रोज रात्री तू खोलीच्या बाहेर झोपतेस," मैत्रीण म्हणाली.

रेघेच्या अलीकडचं क्षेत्रफळ भरलं जेमतेम ८.४. तिच्या डोळ्यांत चमक आली. २००२ चा एक हुकूम आहे, राहण्याजोगं घर कशाला म्हणावं ते सांगणारा. मुख्य खोली किमान ९ चौरस मीटरची आणि २ मीटर २० उंचीची हवी, नाहीतर ती भाड्याने देताच येत नाही. "तू घरात राहतच नाहीयेस, कोठीत राहतेस!" ती म्हणाली. मग मोबाइलवर तो हुकूम पुन्हा वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. पुढे एक 'किंवा' होता. किंवा २० घनमीटर आकारमान.

पावाच्या कागदी पिशवीच्या पाठीवर आम्ही हिशेब केला. सपाट भागाखाली १५ घनमीटर. उतरत्या भागाखाली, रेघेपर्यंत, आणखी ५.२. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. २०.२ घनमीटर.

म्हणजे माझं घर 'घर' ठरत होतं ते दोनशे लिटरमुळे. चाळीत मोरीपाशी ठेवतात त्या पिंपाएवढी हवा जास्त होती म्हणून. (पॅरिसची आरोग्य नियमावली म्हणे तेव्हा आणखी निराळ्या तऱ्हेने मोजायची, आणि दोन मोजमापांच्या मधल्या फटीत वकिलांची पोटं भरायची. आम्ही तिकडे गेलो नाही.)

पण करारात ९ लिहिलंय आणि भरतात ८.४, त्याचं काय? २०१४ पासून कायदा असा, की लिहिलेल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त जागा कमी निघाली तर भाडं त्या प्रमाणात कमी करून मागता येतं. माझी सहा टक्क्यांच्या वर कमी होती. मैत्रीण पुन्हा उठून बसली, आणि पुन्हा आडवी झाली. ही सवलत रिकाम्या घराला. माझी खोली 'सामानासकट' होती. सामानासकट म्हणजे काय तेही २०१५ च्या हुकमात मोजून दिलेलं आहे, अकरा बाबी: पांघरूण, पडदे, शेगडी, ओव्हन, फ्रिज, ताटवाट्या, भांडी, टेबल-खुर्ची, फळ्या, दिवे, आणि साफसफाईचं साहित्य. आम्ही खोलीभर शोधत फिरलो. खोलीभर म्हणजे अडीच पावलं. बाईंनी अकराच्या अकरा बाबी दिल्या होत्या. शेवटची दारामागे उभी होती, बिनकेसांचा एक झाडू. त्या झाडूने माझे महिन्याला पस्तीस-चाळीस युरो खाल्ले.

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण जास्त करून मला त्या पेन्सिलीच्या रेघेची भूल पडली. आमच्या अभ्यासक्रमात पॅरिस नव्याने बांधून काढणारा ओस्मान होता, चंदीगडचा वास्तुविशारद ल कार्बुझिए होता, फ्रेंच राज्यक्रांती होती, पण ते सगळं पडद्यावरच्या चित्रांत. माझ्या जमिनीवरची रेघ मात्र कुणीतरी कधीतरी मनात आणलेल्या विचाराचं शेवटचं टोक होती, आणि ते टोक माझ्या पलंगाच्या पायाशी आलं होतं.

मग मी रेघ धरून उलटी निघाले.

सगळ्यात आधी टेप. मीटर म्हणजे तरी काय? लक्झेंबर्ग राजवाड्यासमोर, जिथे आता फ्रान्सचं सेनेट भरतं, तिथे रू द व्होजिरार या रस्त्यावर ३६ नंबरच्या इमारतीला कमानींचा ओटा आहे. दाराच्या बाजूला, भिंतीत, संगमरवराची एक आडवी पट्टी बसवलेली आहे. वर 'मेत्र' असं कोरलंय. खाली डेसिमीटरांच्या खुणा. १७९० च्या दशकात क्रांतीच्या सरकारने असे मीटर शहरभर वर्दळीच्या जागी बसवले, सोळा. लोकांनी यावं, आपली काठी, आपली दोरी लावून बघावी, सवय करावी म्हणून. मूळ जागी राहिलेला हा एवढाच. लोक त्याच्या समोरून छत्र्या घेऊन चालत होते, कुणी मान वळवत नव्हतं. मी खिशातून माझा टेप काढून त्यावर धरला. दगड थंड होता, दोन्ही टोकांना पितळी ठोकळे, कडा हातांनी गुळगुळीत झालेल्या. टेप बरोबर बसला. आता यात नवल काय, चिनी टेपसुद्धा बसणारच. तरी मी दोनदा लावला.

क्रांतीच्या आधी फ्रान्समध्ये गावागणिक मापं वेगळी होती. एकाच नावाचं धान्याचं माप एका गावात लहान, दुसऱ्यात मोठं, आणि जमीनदाराच्या कोठारात त्याचं स्वतःचं. वसुली मोठ्या मापाने, देणं लहान मापाने. आपल्याकडच्या शेर-पायलीच्या गोष्टी आठवून बघा. १७८९ साली गावोगावच्या तक्रारी लिहून मागवल्या, तेव्हा लोकांनी स्वातंत्र्याइतकंच मागितलं ते एकच माप आणि एकच वजन. समता हा शब्द मोठा वाटतो, पण शेतकऱ्याला ती मापाच्या तोंडाशी हवी होती.

मग ते माप राजाच्या पावलावरून घ्यायचं नाही, कुणाच्याच अंगावरून घ्यायचं नाही, पृथ्वीवरून घ्यायचं असं ठरलं. उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग. देलांब्र आणि मेशँ हे दोन खगोलशास्त्रज्ञ १७९२ साली निघाले, एक डंकर्ककडून, दुसरा बार्सिलोनाकडून, कोन मोजत मोजत. क्रांती, युद्ध, अटका यांतून वाट काढत सहा-सात वर्षं लागली. मेशँला आपल्या बार्सिलोनाच्या आकड्यांत विसंगती सापडली, ती त्याने लपवली, आणि त्या ओझ्याखाली उरलेलं आयुष्य काढलं. आज आपण जाणतो की मीटर पृथ्वीच्या हिशेबाने सुमारे ०.२ मिलिमीटर कमी पडला. पृथ्वी दोघांना वाटली त्याहून ओबडधोबड निघाली.

आणि लोकांनी हे माप आनंदाने घेतलं म्हणता? छे. १८१२ साली नेपोलियनलाच जुन्या नावांची मापं परत येऊ द्यावी लागली. शेवटी १ जानेवारी १८४० पासून सक्ती झाली. दहा तासांचा दिवस आणि शंभर मिनिटांचा तास हाही प्रयोग त्याच काळात करून झाला होता, तो दीड-दोन वर्षांत गुंडाळला. घड्याळं कोण बदलणार.

आता उतरतं छप्पर. ते सुंदर दिसावं म्हणून केलेलं असेल असं मला आधी वाटायचं. पॅरिसची चित्रं बघितलेल्या कुणालाही वाटेल. राखाडी जस्ताची छपरं, त्यांत डोकावणाऱ्या खिडक्या, संध्याकाळी निळसर होणारी. (हे जस्त बसवणाऱ्या कारागिरांच्या कसबाला २०२४ मध्ये युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत घेतलं. माझ्या डोक्यावरचं जस्त उन्हाळ्यात तव्यासारखं तापायचं, त्याची कुठल्याच यादीत नोंद नाही.) दुमडलेल्या छपराची पद्धत सतराव्या शतकातल्या फ्रान्स्वा मान्सार या वास्तुविशारदाच्या नावाने ओळखली जाते. पण अख्ख्या शहरावर ती पसरली ती नियमामुळे.

ओस्मान १८५३ ते १८७० पॅरिसचा प्रीफेक्ट होता, म्हणजे वरून नेमलेला प्रशासक. प्रीफेक्ट हे पदही नेपोलियनने १८०० साली काढलेलं. ओस्मानच्या काळातला १८५९ चा नियम असा: रस्ता वीस मीटर किंवा त्याहून रुंद असेल तर रस्त्यावरची भिंत जास्तीत जास्त वीस मीटर. त्याच्यावर छप्पर हवं तर ४५ अंशांच्या रेघेच्या आत बसवा. हेतू साधा, रस्त्यावर ऊन आणि वारा यावा. पण मालक काय करणार? भिंत वाढवता येत नाही, तर रेघेच्या पोटात जेवढं मावेल तेवढं कोंबणार. कोनात मजला कोंबला की भिंत तिरकी होते. तिरकी भिंत असलेल्या खोलीत पैसेवाला भाडेकरू येत नाही. मग तिथे कोण झोपणार? खालच्या मजल्यांवर राबणाऱ्या बायका.

म्हणजे ४५ अंशांची रेघ ऊन-वाऱ्यासाठी ओढली आणि तिच्या आत मोलकरणी राहिल्या. दीडशे वर्षांनी दुसऱ्या कायद्याने त्याच खोलीत दुसरी रेघ ओढली, माणसाने किमान उभं राहावं म्हणून. माझा पलंग या दोन रेघांच्या मधल्या पाचरीत होता.

ओस्मानच्या इमारतीत मजल्यांची उतरंड बाहेरून वाचता येते. दुसरा मजला मानाचा, छत उंच, लांब सज्जा. वर जावं तशी छतं ठेंगणी होत जातात. पाचव्याला पुन्हा एक सज्जा, तो मात्र इमारतीच्या चेहऱ्याला शोभा यावी म्हणून. आणि सगळ्यात वर आम्ही. लिफ्ट आल्यावर हे सगळं उलटंपालटं झालं, आज वरचा उजेडाचा मजलाच महाग. फक्त मागच्या जिन्याला हे कुणी कळवलेलं नाही.

याच रस्त्यांवरच्या शाळांवर, नगरपालिकांवर १८८० च्या १४ जुलैपासून तीन शब्द लिहिलेले असतात: स्वातंत्र्य, समता, बंधुता. मी रोज सकाळी एका प्राथमिक शाळेवरून जायचे, तिच्या दाराशी ते होते. एकदा मैत्रिणीने विचारलं, "तुमच्याही राज्यघटनेत आहेत ना हे? फ्रेंचांकडूनच घेतले असणार." तिचा देश १८८१ ते १९५६ फ्रान्सच्या 'संरक्षणा'खाली होता, तिच्या तोंडी 'फ्रेंचांकडून घेतलं' या शब्दांना निराळी चव होती.

मी तिला बाबासाहेबांचं ऑक्टोबर १९५४ चं आकाशवाणीवरचं भाषण सांगितलं. माझं तत्त्वज्ञान या तीन शब्दांत आहे, पण ते मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनं घेतलं असं कुणी म्हणू नये, मी ते बुद्धाकडून घेतलं, असं ते त्यात म्हणाले. तिला हे इतकं आवडलं की तिने ते एका चर्चेत प्राध्यापकांना ऐकवलं. प्राध्यापक गोड हसले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. पण बघा, आपल्या उद्देशिकेत या तिघांच्या आधी 'न्याय' आहे. आणि बंधुता हा शब्द नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावात नव्हताच, तो मसुदा समितीत आला. उसना घेतलेला माल असा क्रम बदलून कुणी मांडत नाही.

जे खरोखर फ्रान्समधून आलं त्याकडे मात्र आपलं लक्ष नसतं. व्हॅट घ्या. आपल्याकडे महाराष्ट्रात २००५ साली तो आला तेव्हा व्यापाऱ्यांनी केवढा गदारोळ केला होता. तो मोरिस लोरे नावाच्या फ्रेंच कर अधिकाऱ्याने १९५४ साली बांधलेला कर. प्रत्येक टप्प्यावर फक्त वाढलेल्या किमतीवर आकारायचा, मागच्याने भरलेला वजा करायचा, म्हणजे जो तो मागच्याकडून पावती मागतो आणि सरकारचं अर्धं काम व्यापारीच करतात. आज जीएसटीच्या पोटात तोच बसलेला आहे. याला मी खरा प्रभाव म्हणते. पुतळा नाही, घोषणा नाही, नाव कुणाला माहीत नाही, आणि रोजच्या बिलात हजर.

एझेन पुबेलची गोष्ट याच्या उलटी. हाही प्रीफेक्टच. त्याने १८८३-८४ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक घरमालकाने कचऱ्यासाठी झाकणाचे डबे ठेवावेत. तेही तीन: कुजणारा कचरा एकात, कागद-चिंध्या दुसऱ्यात, काच, फुटकी भांडी आणि कालवांचे शिंपले तिसऱ्यात. ओला-सुका, एकशे चाळीस वर्षांपूर्वी! घरमालक चिडले, चिंध्या वेचून जगणारे त्याहून चिडले कारण त्यांचं पोट रस्त्यावरच्या ढिगावर होतं. वर्गीकरण लवकरच बारगळलं. राहिलं ते नाव. फ्रेंचमध्ये आजही कचऱ्याच्या डब्याला 'पुबेल' म्हणतात. एवढं शिकूनसवरून प्रीफेक्ट व्हायचं आणि अमर व्हायचं ते असं.

रेघ धरून आता मी चंदीगडला येते. तिथे मी पॅरिसच्या आधीच गेले होते, पदवीच्या तिसऱ्या वर्षी, सहलीबरोबर. ल कार्बुझिए जन्माने स्विस, १९३० मध्ये फ्रेंच नागरिक झालेला. ओस्मानचे दोन्ही बाजूंनी भिंती असलेले रस्ते त्याला बोळकांडी वाटायचे. १९२५ मध्ये त्याने मध्य पॅरिसचा मोठा तुकडा पाडून तिथे अठरा टोलेजंग मनोरे उभारायची योजना मांडली. पॅरिसने ऐकलं नाही, बरं झालं. १९५१ साली चंदीगडला त्याला अख्खं शहर मिळालं. ८०० बाय १२०० मीटरचे सेक्टर, सात प्रतींचे रस्ते, आणि मोजायला त्याचं स्वतःचं माप, 'मोड्युलर': १ मीटर ८३ सेंटिमीटर उंचीचा एक माणूस, हात वर केला की २ मीटर २६. मीटर काढणाऱ्यांनी माणसाचं अंग मापातून हद्दपार केलं होतं, याने ते परत आणलं. तेही पुरुषाचं, आणि इंग्रजी कादंबऱ्यांतला रुबाबदार पोलिस सहा फुटी असतो म्हणून तेवढं उंच. पंजाबातल्या किती बायकांचा हात २ मीटर २६ पर्यंत पोचतो हे त्याने विचारलं नसावं. माझा पोचत नाही, मी विधानभवनाबाहेर कोरलेल्या त्या माणसाशेजारी उभं राहून बघितलंय.

तेव्हा मला ते शहर ओस्मानच्या अगदी विरुद्ध वाटलं होतं. मोकळं, आडवं, झाडांचं. पण सहाव्या मजल्यावर दोन हिवाळे काढल्यावर मला त्याचा नकाशा वेगळा दिसायला लागला. सरकारी घरांचे सुरुवातीला तेरा प्रकार होते, पहिला मुख्यमंत्र्यांचा, तेरावा शिपायांचा, मधले सगळे पगाराच्या पायरीप्रमाणे. उत्तरेला सचिवालयाजवळ मोठे प्लॉट आणि विरळ वस्ती, दक्षिणेला जावं तशी दाटी. ओस्मानची इमारत हळूच आडवी झोपवली की काय होईल? मानाचा मजला उत्तरेला, मोलकरणीचा दक्षिणेला, आणि मधला जिना म्हणजे रस्ता.

हे मी माझ्या निबंधात लिहिलं. मार्गदर्शक बाईंनी समासात एकच ओळ लिहिली: 'आणि तेराव्या प्रकारात नळ होता का?' मला जाऊन शोधावं लागलं. होता. घरांचं काम ल कार्बुझिएने नव्हे, त्याचा चुलतभाऊ प्येर झनरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू या इंग्रज जोडप्याने केलं. शिपायाच्या घरातही दोन खोल्या, स्वयंपाकघर, अंगण, वाहतं पाणी आणि स्वतःचा संडास होता. १९५० च्या दशकात. मी २०१६ साली पॅरिसमध्ये पाच खोल्यांत एक वापरत होते. निबंधातली ती ओळ मी खोडली नाही, पण खाली ही माहिती जोडली, आणि माझा युक्तिवाद जरा लंगडा झाला.

आकड्याने समता आणायचा फ्रेंच हट्ट अजून संपलेला नाही. डिसेंबर २००० च्या कायद्याने ठराविक लोकसंख्येपुढच्या शहरी गावांना २० टक्के घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी ठेवणं सक्तीचं केलं, पुढे बऱ्याच ठिकाणी ते २५ केलं. पॅरिसला लागून असलेलं नुई हे श्रीमंत उपनगर त्या आकड्याच्या कितीतरी खाली राहिलं आणि दंड भरत राहिलं. आम्हाला तिथे पाहणीला नेलं होतं. रस्ते इतके शांत की आमच्याच बुटांचा आवाज यायचा. नगरपालिकेवर तिसरा शब्द ठळक होता.

जून २०१८ मध्ये मी खोली सोडली. जाताना घराची पाहणी करून कागद करतात. बाई मागच्या जिन्याने चढून आल्या, एकेका मजल्यावर थांबत. त्यांनी यादी काढली आणि अकराच्या अकरा बाबी मोजल्या. झाडूपाशी थांबून म्हणाल्या, "मादमुआझेल, याचे केस?"

"मी आले तेव्हाही नव्हते, मादाम."

त्यांनी काहीतरी लिहिलं. मग त्यांना जमिनीवरची पेन्सिलीची रेघ दिसली. दोन वर्षांत पुसट झाली होती पण होती. हे काय, म्हणून त्यांनी बोटाने दाखवलं. मी सांगितलं, एक मीटर ऐंशी. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. नंतर पर्समधून रुमाल काढला, एका हाताने टेबल धरून वाकल्या, आणि घासायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या, मी पुसते. दोघी मिळून पुसली. शिसं लाकडात मुरलं होतं, पुरती गेली नाही.

संध्याकाळी नवा भाडेकरू खोली बघायला आला, सेनेगलचा एक उंच मुलगा, गणित शिकणारा. करारात ९ चौरस मीटरच होते. त्याने छताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि विचारलं, "पलंग इथे का ठेवलाय? दाराजवळ नाही का मावणार?"

"मावेल," मी म्हटलं, "पण मग टेबल आत जाईल आणि दिवसभर वाकून बसावं लागेल. झोपताना उंची लागत नाही."

त्याने मान डोलावली, पलंगावर बसून बघितलं, आणि उठताना डोकं आपटलं.